डाव्या बाजूची सीट

मावशी,

तू विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं आहे. दिवाळीनंतरच्या सहलीचा तो शेवटचा दिवस. भिवापूर मागे पडलं होतं आणि उमरेडच्या रस्त्यालगत, एका मोहाच्या झाडाखाली सतरंजी टाकून आपण चौघी, तू, तुझी शिल्पा, आई आणि मी, जेवत होतो. तू विचारलंस आणि मी गप्प बसले. त्यानंतर दोन महिने आपण दर रविवारी भेटलो. तो विषय तीनदा निघाला आणि तिन्ही वेळा अर्धा राहिला. परवा तुझी तेरवी झाली. उत्तर आता माझ्याकडे आहे, म्हणून लिहिते आहे.

तुझ्या निधनाची बातमी पेपरात मीच लिहिली. चार ओळी. वय, हुद्दा, मागे कोण कोण, अंत्ययात्रा कुठून आणि किती वाजता. बरीच वर्षं डेस्कवर बसून दुसऱ्यांच्या अशा ओळी तपासल्या आहेत, त्यामुळे हात अडला नाही. त्या चार ओळींत चूक नव्हती. पण त्यांत गाडी नव्हती, आणि गाडी वगळून तुझ्याबद्दल लिहिलेलं तू वाचून बाजूला ठेवलं असतंस.

म्हणून आधी गाडी. तू जिल्हा परिषदेत अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होतीस. कार्यालयाच्या जीपचे चालक सदुभाऊ यांनी तुला गाडी शिकवली, उन्हाळ्यात आटलेल्या एका तलावात. गावात चर्चा नको म्हणून ते स्वतःच्या बायकोला मागच्या सीटवर आणून बसवायचे. ती बाई प्रत्येक वळणाला देवाचं नाव घ्यायची आणि सदुभाऊ म्हणायचे, "म्याडम, तिच्याकडं ध्यान देऊ नका, ती माझ्याही गाडीत असंच करते." हा प्रसंग तू इतक्यांदा सांगितलास की मला त्या बाईचा आवाज ओळखीचा वाटतो. मी तिला कधी पाहिलं नाही.

पुढे तू स्वतःची गाडी घेतलीस आणि आमच्या घरातल्या सगळ्या सहली तुझ्या झाल्या. तुझ्या गाडीत दोन नियम होते. पहिला, कोण कुठे बसेल ते चालवणारी ठरवणार. दुसरा आपल्या घरातला जुनाच: प्रवासाला नेलेलं खाणं घरी परत आणायचं नाही. नागपूरचा नाका यायच्या आत डबा रिकामा व्हायला पाहिजे. डब्यात खाणं उरलं म्हणजे प्रवास उरला, असं तुम्हा बहिणींना लहानपणी सांगितलेलं होतं. त्यामुळे आपल्या सहलीचा शेवटचा दिवस म्हणजे रस्त्याच्या कडेला कुठेतरी बसून मऊ पडलेला चिवडा आणि कडक झालेल्या दशम्या संपवणं. लहानपणी मला हा दिवस आवडायचा नाही. आता तोच आठवतो.

या सहलीला निघायच्या आदल्या आठवड्यात शिल्पाचा, तुझ्या मुलीचा, मला फोन आला. ती मनीषनगरहून बोलत होती आणि दबक्या आवाजात बोलत होती, जणू तू प्रतापनगरात ऐकशील. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तुझ्या डाव्या डोळ्यात काचबिंदू सांगितला होता. समोरचं तुला नीट दिसत होतं, डावीकडचं, कडेचं दिसेनासं झालं होतं. गाडी बंद करा, असं ते म्हणाले होते.

"आईला फक्त थेंब टाकायचे एवढंच माहीत आहे," शिल्पा म्हणाली. "गाडीचं तू सांग. माझं ती ऐकणार नाही."

"मग सहल रद्द करू."

"रद्द केली तर कारण सांगावं लागेल. सहल होऊ दे. परतीच्या दिवशी सांग, नागपूर यायच्या आत. एकदा घरी पोचली की ती कोणाचंच ऐकायची नाही."

मी हो म्हटलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. शिल्पाला गाडी येत नाही. मला येते. तरी मी हो म्हटलं आणि चार दिवसांनी बॅग घेऊन तुझ्या फाटकाशी उभी राहिले.

पहिले तीन दिवस मी काही बोलले नाही, कारण ठरलेली वेळ शेवटच्या दिवसाची होती. वेळेची मर्यादा मिळाली की मी तिच्या टोकापर्यंत जाते, ही आमच्या धंद्याची सवय आहे. नवेगावचा तलाव पाहिला, आईच्या चुलत बहिणीकडे ब्रह्मपुरीला मुक्काम केला. चौथ्या दिवशी सकाळी तिच्या अंगणात गाडीत बसताना जे झालं ते मला शब्दशः आठवतं. आईने पुढचं दार उघडलं होतं.

"ताई, तू मागं पाय लांब करून बस," तू म्हणालीस. "समोर मंजू बसन."

"चारही दिवस मंजूच काहून वं समोर? माह्ये गुडघे का लाकडाचे हायेत?"

"तिले पाट्या वाचता येतात."

"मले का येत नाहीत?"

"येतात. पन तू वाचते तवापर्यंत पाटी मागं गेली राह्यते."

आई पुटपुटत मागे बसली. मी पुढे बसले. चारही दिवस माझं काम ठरलेलं होतं. गावाची पाटी आली की वाचायची. फाटा आला की सांगायचा. मधूनच तू म्हणायचीस, "डावीकडं काय चाललं हाये सांगत राहाय. नुसती बसून राहिली तं झोप लागन तुले." मी सांगत होते. डावीकडे धानाची कापणी झालेली बांधी. डावीकडे शाळा, पोरं बाहेर. डावीकडून मोटरसायकल येऊन राहिली. मला वाटत होतं, मावशी गप्पा करते आहे.

नागभीड सोडलं आणि मी सुरुवात केली.

"मावशी, या रस्त्यावर ट्रक फार वाढलेत."

"ट्रक वाढले तं रस्ताबी रुंद झाला."

मी पुन्हा म्हटलं, "शिल्पाला आता गाडी शिकायला पाहिजे."

मागून शिल्पा म्हणाली, "मला कशाला मध्ये घेतेस?" तिने मला एकटं सोडलं होतं, हे तेव्हा कळलं.

मग मी तिसरा प्रयत्न केला. "आमच्या ऑफिसात एक जण होते. साठीनंतर त्यांनी एकदा विचार केला की..."

"मेले का ते?"

"नाही. त्यांनी गाडी चालवणं सोडलं."

"मंग बातमी काय हाये याच्यात? तुमच्या पेपरात मेला कोन ते पहिल्या ओळीत राह्यते. तू मले नागभीडपासून फिरवून राहिली. जे हाये ते आधी सांग आन् मंग बाकीचं लाव."

माझ्या पहिल्या संपादकांनीही पहिल्या दिवशी मला हेच सांगितलं होतं, याहून वाईट मराठीत. मी तोंड उघडलं. त्याच वेळी डावीकडच्या शेतातल्या पांदणीतून एक बंडी रस्त्यावर आली. धानाच्या भाऱ्यांनी लादलेली, वर एक माणूस बसलेला. आधी बैलांची शिंगं दिसली.

"मावशी, बंडी."

तू ब्रेक लावलास. गाडी थांबली. मागच्या काचेजवळचा डबा धाडकन खाली आला. बैल आपल्या समोरून शांतपणे ओलांडून गेले. वर बसलेल्या माणसाने आपल्याकडे पाहिलंही नाही.

"दिसली मले," तू म्हणालीस.

नव्हती दिसली. मी तुझ्याकडेच पाहत होते. आधी ब्रेक लागला आणि मग मान वळली. ज्याला दिसतं त्याची मान आधी वळते. त्यापुढे भिवापूर येईपर्यंत मी तो विषय काढला नाही. फक्त डावीकडे पाहत राहिले आणि जे दिसेल ते तुला मोठ्याने वाचून दाखवत राहिले.

भिवापूर ओलांडल्यावर तू गाडी कडेला घेतलीस. तो तुझ्या जुन्या नोकरीचा पट्टा होता, तिथलं प्रत्येक झाड तुझ्या ओळखीचं. मोहाखाली सतरंजी टाकली. दशम्या, जवसाची चटणी, चिवडा, थोडे अनारसे, ब्रह्मपुरीहून बांधून दिलेल्या तिखट पुऱ्या. "कोनी हात आखडू नका," तू म्हणालीस. "नाक्याच्या आत सगळं सरलं पाहिजे." आईने तिच्या वाटणीची दशमी हळूच शिल्पाच्या ताटलीत सरकवली आणि तू ते बरोबर पाहिलंस, कारण ती तुझ्या समोर होती.

तू संत्रं सोलत होतीस. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई शेतातून आली आणि तुझ्या डाव्या बाजूला, हाताच्या अंतरावर येऊन उभी राहिली. भारा उतरवून तिने तुझ्याकडे निरखून पाहिलं. तू सोलत राहिलीस. ती आणखी जवळ आली. तू साल गोळा करून कागदावर ठेवलीस. तुझ्या चेहऱ्यावरून कळत होतं की तुझ्यापुरतं तिथे कोणीच नव्हतं.

"काटावाल्या म्याडम न तुमी?" बाई म्हणाली.

तू दचकलीस. फोड हातातून सतरंजीवर पडली. आई आणि शिल्पा दोघींनी ते पाहिलं.

तिचं नाव शेवंताबाई. तू तिला ओळखलं नाहीस, तिने तुला पक्कं ओळखलं. आम्हा तिघींना काटावाली म्हणजे काय ते कळेना, तर ती खालीच बसली आणि सांगू लागली. अंगणवाडीत लहान पोरांचं वजन करायला आढ्याला काटा टांगायचे आणि त्याला कापडाची झोळी अडकवून तीत पोर ठेवायचे.

"माह्या पोराले घेऊन गेली मी, आन् या म्याडम आधी रिकामी झोळीच तोलून राहिल्या. मी म्हनलं, बाई, पोरगं माह्या मांडीवर हाये, तुमी झोळी काहून तोलता?"

"मग?" मी विचारलं.

"झोळीच अर्धा किलोची निघाली. आधीची बाई ते पोराच्या वजनात धरून राहिली होती. कागदावर पोरगं धष्टपुष्ट. खरं पाह्यलं तं पार सुकलेलं. या म्याडमनं त्याच दिवशी जीपमंदी टाकून दवाखान्यात नेलं."

"आता कसा हाये पोरगा?" तू विचारलंस.

"उमरेडच्या खानीत टिप्पर चालवते. बायकोचं ऐकते, माह्यं नाही."

तू इतकी हसलीस की डोळ्यांत पाणी आलं. तिच्या हातात दोन दशम्या आणि उरलेली चटणी दिलीस. डबा हलका करायची संधी तू सोडली नाहीस. भारा डोक्यावर चढवायला शिल्पाने तिला मदत केली आणि ती बांधावरून निघून गेली.

मी सांगितलं ते त्यानंतर. या वेळी तुझ्या पद्धतीने, बातमी आधी. "मावशी, डॉक्टरांनी तुझी गाडी बंद करायला सांगितली आहे. डाव्या डोळ्याने तुला कडेचं दिसत नाही."

शिल्पाने डब्यात पाहिलं. आईचं चावणं थांबलं.

"माहीत हाये," तू म्हणालीस.

"कधीपासून?"

"थेंब देल्ले त्याच दिवशी. डॉक्टर शिल्पासंगं बाहेर बोलून राहिले होते, दार उघडं. मले डोळ्यानं कमी दिसते वं. कान शाबूत हायेत."

"मग हे चार दिवस?"

"म्हनून तं तुले डावीकडं बसवलं."

चार दिवसांच्या पाट्या, फाटे, शाळा, मोटरसायकली एका क्षणात जागच्या जागी बसल्या. मी तुझा डावा डोळा होते आणि मला कोणी सांगितलं नव्हतं. मला राग आला. तो राग आजही जसाच्या तसा लिहिता येतो. अपघाताची एखादी तरी बातमी रोज माझ्या हाताखालून जाते. त्यांतल्या बहुतेकांत कोणीतरी असं असतं ज्याला आधीच माहीत होतं. ब्रेक सैल आहे, झोप झालेली नाही, दिवा लागत नाही. मी तुला म्हटलं की मागे आई बसली आहे, शिल्पा बसली आहे. त्या बंडीवर एक माणूस होता.

"होता," तू म्हणालीस.

"तू आमच्यापैकी कोणालाही विचारलं नाहीस."

तू बाटलीतल्या पाण्याने हात धुतलेस. पदराला पुसलेस. मग विचारलंस, "तुले कधी माहीत झालं?"

"निघायच्या आधी. शिल्पाचा फोन आला होता."

"तुले गाडी येते."

"येते."

"मंग बसली काहून?"

हाच तो प्रश्न.

मी गप्प बसले. शेवटी आईच बोलली. "मले तं कोनीच काही सांगितलं नव्हतं. चौघीत मी एकटीच सुखानं बसली होती." आणि तिने शेवटची पुरी उचलली.

गाडीची चावी तू पदराच्या गाठीत ठेवायचीस. ती सोडलीस आणि डब्याच्या झाकणावर ठेवलीस. "नाक्यावर द्यायचं ठरवलं होतं," तू म्हणालीस. "माह्यावाली वेळबी तीच होती. तू आधी बोलली तं आधी घे." म्हणजे आपण दोघी एकाच मुक्कामाच्या हिशोबाने चार दिवस शेजारी शेजारी बसलो होतो, आणि दोघींनी तोंड मिटून ठेवलं होतं. माझ्याकडे तुझ्यासाठी निरोप होता आणि तुझ्याकडे माझ्यासाठी चावी.

त्या रस्त्यावर मी आधी कधी गाडी चालवलेली नव्हती. शहरात घर ते ऑफिस, एवढंच माझं चालवणं. तू डाव्या सीटवर बसलीस. आईने या वेळी जागेचा विषय काढला नाही. पहिला फाटा आला तेव्हा तू अख्खी मान वळवून, जवळजवळ खांद्यासकट, डावीकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "मोकळं हाये. काढ." उमरेडपर्यंत प्रत्येक फाट्याला तसंच. उमरेडला खाणीचे टिप्पर सुरू झाले. "जाऊ दे त्याले पुढं. शेवंताबाईचा पोरगा असन, मायचंबी ऐकत नाही तो." मधूनच, "क्लचवरचा पाय काढ. ते पायदान नव्हे." तुझा आवाज तोच होता, जो उजव्या सीटवरून यायचा. मी वाट पाहत होते की तो कुठेतरी बदलेल. तो बदलला नाही.

दिघोरीच्या नाक्याआधी तू गाडी थांबवायला लावलीस. डबा मागवलास. एक अनारसा उरला होता. तू त्याचे चार तुकडे केलेस, सर्वांत लहान स्वतः घेतलास आणि डबा उपडा करून आम्हा तिघींना दाखवलास. मग म्हणालीस, "चल आता. सहल झाली." प्रतापनगरात फाटकाच्या आत गाडी मी लावली, दोनदा मागेपुढे करून. कुलूप मी लावलं. तू चावी परत मागितली नाहीस. मी ती पर्समध्ये टाकली तेव्हा तू फाटकाची कडी बघत होतीस.

त्यानंतर तू स्टिअरिंगला हात लावला नाहीस. दर रविवारी सकाळी मी येऊन तुझीच गाडी काढायचे आणि आपण भाजीबाजारात जायचो. मला वाटलं होतं, तू खचशील. तू खचली नाहीस. उलट डाव्या सीटवरून तू मला पुरती कामाला लावलंस. ओव्हरटेक, चढावर गाडी धरणं, अरुंद जागेत वळवणं. आटलेल्या तलावात सदुभाऊंनी जे जे शिकवलं ते सगळं, फक्त मागच्या सीटवर देवाचं नाव घेणारी बाई नव्हती. चार महिन्यांत तुला कामठीपर्यंत ट्रकांच्या गर्दीतून नेईन, असं मी म्हटलं होतं. "दोन महिन्यात नेशीन," तू म्हणाली होतीस. दोन महिन्यांत नेलंही.

आणि वाद. पहिल्यांदा मी म्हटलं, तू चुकलीस. "चुकलीच," तू लगेच म्हणालीस. "ते कबूल हाये. पन माह्या चुकीनं तुह्यं उत्तर भेटत नाही. तू बसली काहून?" मी म्हटलं, तुझं मन मोडायचं नव्हतं. "हे पेपरातलं झालं," तू म्हणालीस आणि मेथीची जुडी निवडायला लागलीस. दुसऱ्यांदा मी म्हटलं, धीर झाला नाही. तू म्हणालीस, "हे अर्धं झालं. बाकीचं सांग." तिसऱ्यांदा, फाटकाशी गाडी लावल्यावर, तूच विषय काढलास. तेवढ्यात माझा फोन वाजला, ऑफिसचा, आणि मी तो घेतला. फोन संपला तेव्हा तू भाजीची पिशवी घेऊन दाराशी पोचली होतीस. "पुढच्या रविवारी," तू म्हणालीस. त्या रविवारच्या आदल्या दिवशी सकाळी शिल्पाचा फोन आला. या वेळी तिचा आवाज दबका नव्हता. तिने बातमी पहिल्याच वाक्यात सांगितली.

मला तुझ्याबद्दल वाईट वाटतं, पण फोन वाजला त्या रविवाराबद्दल त्याहून जास्त. तो फोन मी घ्यायला नको होता. हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं. ते राहू दे.

तेरवीच्या दिवशी पंगती उठल्यावर मी आईला घरी घेऊन निघाले. ती तुझ्या गाडीत समोर बसली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "भेटली एकदाची समोरची सीट," ती म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. चौकात मी वेग कमी केला. डावीकडे झाडाने रस्ता झाकलेला होता, मला नीट दिसत नव्हतं. मी काही विचारलं नाही. आईने गुडघ्यांवर हात टेकले, मान अख्खी वळवली, तुझ्यासारखी खांद्यासकट, आणि म्हणाली, "मोकळं हाये. काढ." हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मागे बसून तिने ते पाहिलं होतं, एवढंच.

उत्तर मला त्या चौकात मिळालं. आईने मोकळं हाये म्हटलं आणि मी गाडी काढली. स्वतः पाहिलं नाही. पुढच्या वळणावर लक्षात आलं की मी पुन्हा तेच केलं आहे.

तू काटा टांगल्यावर आधी रिकामी झोळी तोलायचीस. जे मोजायचं नाही ते आधी बाजूला काढायचीस, मग पोर ठेवायचीस. निघायच्या आधी मी ते केलं नाही. शिल्पाने सांगितलेला डोळा मी काट्यावर ठेवला, पण झोळी तशीच राहू दिली. तू गाडी चालवते आहेस म्हणजे काही होत नाही, ही माझी लहानपणापासूनची खात्री म्हणजे ती झोळी. ती मी कधी तोललीच नव्हती. मागच्या सीटवर झोपून मी तीत वाढले. डोळ्याच्या वजनाला ती पुरून उरली. कागदावर सगळं ठीक होतं आणि मी बॅग घेऊन तुझ्या फाटकाशी येऊन उभी राहिले.

तुझी चूक मी कमी करत नाही. तू आम्हाला सांगायला पाहिजे होतंस आणि चावी पहिल्या दिवशी द्यायला पाहिजे होतीस. मी तुला पहिल्या दिवशी सांगायला पाहिजे होतं. बंडीवरचा तो माणूस आपल्या दोघींच्याही नशिबाने घरी पोचला. हा भाग मी कोणालाही, कधीही, असाच सांगेन. पण त्याच चार दिवसांमुळे मला आता गाडी नीट येते. सदुभाऊंपासून तुझ्यापर्यंत आणि तुझ्यापासून माझ्यापर्यंत आलेली गोष्ट आता माझ्याकडे आहे. येत्या उन्हाळ्यात मी शिल्पाला शिकवणार आहे. ती घाबरते आहे. मागच्या सीटवर आई बसायला तयार आहे. मी चौकात स्वतः मान वळवायला शिकते आहे.

राहिला तुझा प्रश्न. तू म्हणाली असतीस की हे सगळं पेपरातलं झालं, एका ओळीत सांग आणि घरच्या भाषेत सांग. तर सांगते.

तू चालवून राहिली होती, म्हनून बसली.